चूल कोणी पेटवली?

गेंजुरो कुंभार रात्रीचा गावात पोचतो. कमाई गेली, डोक्यातली धुंदी उतरली, आता फक्त घर उरलं आहे. लढाई होऊन गेलेल्या त्या गावात कुठं दिवा दिसत नाही. दार ढकलून तो आत येतो आणि बायकोला हाक मारतो, "मियागी!" उत्तर येत नाही. आत काळोख आहे. जमिनीतल्या चौकोनी खळग्यातली चूल थंडगार पडली आहे, सामान विस्कटलेलं आहे, माणसाचा मागमूस नाही. कासावीस होऊन तो मागच्या दारानं बाहेर पडतो आणि हाका मारत घराला वळसा घालू लागतो.

कॅमेरा मात्र घरातच थांबतो. गेंजुरो भिंतीपलीकडून चालतो आहे, खिडकीतून त्याची ओझरती आकृती दिसते आहे, आणि त्याच्या बरोबरीनं कॅमेराही आतल्या आत मागे वळत येतो. मघाचीच भिंत, मघाचीच जमीन. मग चूल दिसते. ती पेटलेली आहे. शेजारी मियागी बसली आहे, रांधता रांधता नवऱ्याची वाट पाहावी तशी. गेंजुरो पुढच्या दारात येतो, तिला पाहतो आणि धावत तिच्याजवळ जातो.

या सगळ्यात एकही कट नाही. काही क्षणांपूर्वी ती खोली रिकामी होती हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग ही बाई आली कुठून? चूल कोणी पेटवली?

२६ मार्च १९५३ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या केंजी मिझोगुचीच्या 'उगेत्सु मोनोगातारी' या चित्रपटाच्या शेवटाकडे हा शॉट येतो. चित्रपट सुमारे दीड तासाचा आणि कृष्णधवल. त्यात लढाया आहेत, जळणारी गावं आहेत, एक देखणी भुताळी सरदारकन्या आहे. तरी पाहणाऱ्याच्या मनात घर करून राहतो तो हा एक शॉट. एका झोपडीत, एका नटीच्या आणि एका नटाच्या आधारानं घेतलेला. त्याच्यापर्यंत पोचायची वाट मात्र पावणेदोनशे वर्षांची आहे.

पाय नसलेली भुतं

भूत ओळखायचं कसं, याच्या खुणा प्रत्येक समाजानं ठरवून ठेवलेल्या असतात. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे. संशय आला की आधी पायांकडे बघायचं. जपानी भुतांना पायच नसतात. पांढरं वस्त्र, मोकळे लांब केस, आणि कमरेखाली नुसतं धुकं. अठराव्या शतकात क्योतोचा चित्रकार मारुयामा ओक्यो यानं काढलेल्या भुताच्या चित्रापासून हे रूप रूढ झालं, असं परंपरा सांगते. पुढं काबुकी रंगभूमीनं ही पिशाच्चं दोऱ्यांवर आणि चोरदारांतून नाचवली. सिनेमा आला तेव्हा त्याच्या हाती आणखी सोपी युक्ती होती. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं, की माणूस आरपार दिसू लागतो. किंवा कॅमेरा थांबवायचा, नटाला बाजूला घ्यायचं, पुन्हा सुरू करायचा. नट अंतर्धान पावतो.

या सगळ्या युक्त्या मिझोगुचीला ठाऊक होत्या. मूकपटांच्या काळापासून, १९२३ पासून, तो चित्रपट करत होता. पण त्याच्या मियागीला पाय आहेत, सावली आहे, ती जेवण वाढते, नवऱ्याचा कपडा शिवते. तिच्यात भुताची एकही खूण नाही. मग ती भूत आहे हे प्रेक्षकाला कळणार कसं? आणि कळूनही ती खोटी वाटू नये, हे साधणार कसं?

पहिला माग: ओसाकातला कथाकार

माग काढायचा तर आधी मूळ पुस्तकाकडे जावं लागतं. उएदा आकिनारीचा जन्म १७३४ मध्ये ओसाकात झाला. बापाचा पत्ता नाही. एका व्यापाऱ्यानं त्याला दत्तक घेतलं. लहानपणी देवीच्या साथीत तो मरता मरता वाचला, पण हाताची बोटं कायमची वाकडी झाली. पुढं दुकान आगीत गेलं, तेव्हा तो वैद्यकी शिकला. या माणसानं लिहिलेल्या नऊ अद्भुत कथांचा संग्रह १७७६ मध्ये छापून निघाला. तोच 'उगेत्सु मोनोगातारी'. यातल्या बऱ्याच कथांचं बीज चिनी गोष्टींत आहे, पण आकिनारीनं त्यांना जपानच्या मातीत असं रुजवलं की परकेपणाचा वास राहिला नाही.

मिझोगुचीनं यातल्या दोन कथा घेतल्या. पहिली एका ओसाड घराची. कात्सुशिरो नावाचा माणूस १४५५ साली रेशीम विकायला राजधानी क्योतोला जातो. शरद ऋतूत परत येईन, असा शब्द बायकोला, मियागीला, देऊन जातो. मागे लढाई पेटते. वाटा बंद होतात, आजारपण येतं आणि परतायला सात वर्षं लागतात. तो येतो तेव्हा घरात दिवा दिसतो. आतून बायकोचा आवाज येतो, म्हातारा झालेला. ती दार उघडते. डोळे खोल गेलेले, केस पाठीवर मोकळे. दोघं रडतात, बोलतात, झोपतात. पहाटे त्याला थंडी वाजते. डोळे उघडून पाहतो तर वर छप्पर नाही, अंगावर दव पडलं आहे आणि शेजारी कोणी नाही.

म्हणजे पुस्तकात धक्का सकाळी बसतो. वाचक आणि कात्सुशिरो, दोघंही रात्रभर एकाच भ्रमात असतात आणि दोघांचा भ्रम एकाच वेळी फुटतो. गोष्ट सांगायची ही जुनी आणि हुकमी रीत.

चित्रपटानं हा क्रमच उलटा केला. आपल्याला आधी रिकामं घर दाखवलं. त्यामुळे मियागी चुलीपाशी दिसते त्या क्षणी आपल्याला सगळं कळतं आणि गेंजुरोला काहीच कळत नाही. तो हसतो, रडतो, माफी मागतो, थकून मुलाशेजारी झोपी जातो. आपण मात्र जागे असतो. आकिनारीनं सकाळसाठी राखून ठेवलेलं सत्य मिझोगुचीनं रात्रीच आपल्या हाती दिलं आणि तेवढ्यानं भयकथेची शोककथा झाली. शोधाचा पहिला धागा हाच.

दुसरा माग: पटकथेची छळवणूक

१९५१ मध्ये अकिरा कुरोसावाच्या 'राशोमोन'ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तोवर जपानी चित्रपट युरोपात जवळजवळ कोणाला माहीत नव्हते. 'राशोमोन' दाएई कंपनीचा, म्हणजे निर्माता मासाइची नागाताचा. त्याला आता युरोपचा दरवाजा किलकिला झालेला दिसत होता. मिझोगुची कुरोसावाहून बारा वर्षांनी मोठा, आणि पोरसवद्या दिग्दर्शकानं आपल्या आधी जग जिंकावं हे त्याच्या मनाला लागलेलं होतं. १९५२ मध्ये त्याच्या 'ओहारूची जीवनकथा' या चित्रपटालाही व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळालं. पुढचा चित्रपट दाएईसाठी क्योतोत करायचा ठरला.

पटकथेचं काम दोघांकडे होतं. मात्सुतारो कावागुची हा मिझोगुचीचा आसाकुसातल्या शाळेपासूनचा मित्र आणि नावाजलेला कथाकार. १९३५ मधल्या पहिल्याच नाओकी पुरस्काराचा मानकरी. दुसरा योशिकाता योदा, १९३६ पासून मिझोगुचीच्या हाताखाली घासूनपुसून निघालेला पटकथाकार. मिझोगुचीची पद्धत अशी की पटकथा परत करताना ती का आवडली नाही हे धड सांगायचं नाही, फक्त पुन्हा लिहायला सांगायचं. योदानं पुढं मिझोगुचीवर लिहिलेल्या पुस्तकात या छळाच्या हकिकती आहेत, तसं त्यातून काय निघालं हेही आहे.

'उगेत्सु'च्या वेळी मिझोगुचीनं योदाला लिहिलेल्या पत्रांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. लढाई राजाच्या स्वार्थासाठी होवो की कुठल्या मोठ्या कारणासाठी, सामान्य माणसाचं शरीर आणि मन ती कसं चिरडून टाकते हे दिसलं पाहिजे. भुताखेतांची करमणूक त्याला नको होती. जपानची हार होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. युद्धात पैसा करायला निघालेले आणि मर्दुमकीच्या नादी लागलेले पुरुष, आणि त्यांच्यामागे घरी राहिलेल्या बायका, हे प्रेक्षकांच्या ताज्या आठवणीतलं चित्र होतं.

म्हणून कथा सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बिवा सरोवराकाठच्या ओमी प्रांतात आणली गेली. सत्तेसाठी सरदार एकमेकांवर तुटून पडले होते तो काळ. कथानायक रेशमाचा व्यापारी राहिला नाही, तो कुंभार झाला. लढाईमुळे नागाहामाच्या बाजारात मडक्यांना चढा भाव मिळतो, आणि त्या पैशाची चटक गेंजुरोला लागते. शिबाता या सरदाराचे सैनिक गावात घुसतात तेव्हाही त्याचा जीव भट्टीतल्या मालात अडकलेला असतो. आव्यातली आग विझेल म्हणून तो धोका पत्करून मागे फिरतो. त्याचा मेहुणा तोबेई याला सामुराई व्हायचं खूळ. चोरलेलं एक मुंडकं दाखवून तो सरदाराकडून घोडा आणि शिपाई मिळवतो. त्याच वेळी त्याची बायको ओहामा सैनिकांच्या अत्याचाराला बळी पडून कोठीवर जाऊन पोचते. तोबेईचं हे कथानक आकिनारीचं नाही. मोपासाँची एक फ्रेंच कथा आहे, सन्मानपदकासाठी झुरणाऱ्या नवऱ्याची; त्या कथेतून ते आलं.

योदाच्या मसुद्यांतून एक गोष्ट पक्की होत गेली. भूत हा या चित्रपटाचा विषय नाही. लढाईनं ज्यांना गिळलं, त्यांचा हिशेब हा विषय आहे. मियागीवरचा घाव चित्रपटात लपवलेला नाही. भुकेले सैनिक तिच्या हातातलं अन्न हिसकावतात आणि त्या झटापटीत तिला भाला लागतो. पाठीवर मूल घेऊन ती काठीच्या आधारानं पुढं जात राहते. कॅमेरा हे उंचावरून, लांबून दाखवतो. दूरवर तेच सैनिक ते अन्न बकाबका खात असतात. ती मेली असं मात्र कोणी म्हणत नाही. प्रेक्षक आशेचा एक धागा धरून ठेवतो आणि रिकामं घर दिसतं तेव्हा तो तुटतो.

तिसरा माग: क्रेनवरचा माणूस

मिझोगुचीला कट आवडत नसे. १९३९ मधल्या 'शेवटच्या शेवंतीची कथा' या चित्रपटात त्यानं मिनिटमिनिटांचे अखंड शॉट घेतले होते. नटाचा चेहरा मोठा करून दाखवण्यापेक्षा त्याला पूर्ण माणूस म्हणून, त्याच्या घरादारासकट दाखवावं, आणि प्रसंग मधे न तोडता घडू द्यावा, असा त्याचा आग्रह. सेटवर फळा असे. संवाद शेवटच्या घटकेला बदलायचे आणि फळ्यावर लिहायचे. नटांना कसं करायचं ते सांगायचं नाही. जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करवून घ्यायचं.

या आग्रहाला हात मिळाले ते काझुओ मियागावाचे. क्योतोत वाढलेला हा छायाचित्रकार लहानपणी शाईची चित्रं काढायला शिकला होता. एकाच काळ्या शाईतून पाण्याच्या प्रमाणावर किती छटा काढता येतात, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. 'राशोमोन'मध्ये त्यानं कॅमेरा थेट सूर्यावर रोखला होता. इथं उलट काम होतं. कडक काळा आणि कडक पांढरा टाळून मधल्या करड्या छटांत सगळं बसवायचं, उलगडत जाणाऱ्या जुन्या गुंडाळीचित्रासारखं. चित्रपटातले सुमारे सत्तर टक्के शॉट क्रेनवरून घेतले, असं मियागावा सांगत असे. त्यामुळे कॅमेरा सतत तरंगतो. तो किंचित वर असतो, किंचित लांब असतो आणि फारसा स्थिर होत नाही.

हे तरंगणं नुसती शोभा नाही. गुंडाळीचित्र उलगडताना मधे चौकट येत नाही. घर, अंगण, रस्ता, नदी एकाच कागदावर पुढं सरकत राहतात. अशा कागदावर रिकामी खोली आणि भरलेली खोली शेजारी शेजारी आली तर दोन्ही सारख्याच खऱ्या ठरतात.

चित्रपटात पेरलेल्या खुणा

शेवटचा शॉट अचानक येत नाही. मागे वळून पाहिलं की वाटेवर पेरलेल्या खुणा सापडतात.

दोन्ही जोडपी आणि गेंजुरोचा मुलगा गेनिची होडीतून बिवा सरोवर पार करत असतात. धुकं इतकं दाट की पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते कळत नाही. या दृश्याचा काही भाग स्टुडिओतल्या हौदात, मागे पडदे लावून घेतलेला आहे. समोरून एक होडी वाहत येते. ते घाबरतात, त्यांना वाटतं, पाण्यावरचं भूत आलं. होडीत पडलेला माणूस कसाबसा सांगतो की मी भूत नाही, चाच्यांनी मला लुटलं आहे. एवढं बोलून तो मरतो. या चित्रपटात भुतासारखा दिसणारा माणूस एकच आहे आणि तो जिवंत आहे. यापुढं येणारी भुतं माणसांसारखी दिसणार, याची ही आगाऊ सूचना. त्या माणसाचं ऐकून गेंजुरो बायकोमुलाला काठावर उतरवतो आणि पुढं जातो. जिवंतपणी मियागीची आणि त्याची तीच शेवटची भेट.

बाजारात माल खपल्यावर गेंजुरो किमोनोंच्या दुकानापाशी थबकतो. बायकोसाठी काय घ्यावं, या विचारात असताना त्याला मियागीच समोर दिसते. नवी वस्त्रं पाहून हरखलेली. हा त्याच्या मनाचा खेळ. तो ओसरतो आणि लगेच सरदारकन्या वाकासा आपल्या म्हाताऱ्या दाईसह येऊन उभी राहते. बायकोच्या आठवणीची जागा भूत घेतं ते याच दुकानात.

वाकासाचा वाडा हा तर मियागीच्या घराचा आरसा आहे. गेंजुरो तिथं येतो तेव्हा वाडा जुनाट, पडीक वाटतो. मग संध्याकाळ होते, दासी दिवे घेऊन फिरू लागतात आणि वास्तू जिवंत होते. वाकासाच्या भूमिकेत माचिको क्यो आहे. कपाळावर उंच चढवलेल्या भुवया, पांढराफटक चेहरा, नोह नाटकातल्या मुखवट्याची ठेवण. फुमिओ हायासाकाच्या संगीतात नोहचे ढोल आणि हुंकार ऐकू येतात. आकिनारीच्या दुसऱ्या कथेत ही बाई म्हणजे माणसाचं रूप घेतलेली नागीण होती. चित्रपटात नागीण गळून पडली. सरदार ओदा नोबुनागानं घराणं बुडवलं, आणि प्रेम म्हणजे काय हे कळायच्या आतच जी मेली अशी ही मुलगी. म्हणजे तीही लढाईचीच बळी. तिच्यावर राग धरवत नाही.

वाकासाबरोबरच्या दिवसांत काळ आणि जागा निसटत राहतात. गरम पाण्याच्या कुंडाजवळ दोघं असतात. कॅमेरा त्यांना सोडून जमिनीवरून सरकत जातो, एक चित्र दुसऱ्यात विरघळतं आणि दोघं तळ्याकाठच्या हिरवळीवर बसलेली दिसतात. मधे किती वेळ गेला, ते कोण जाणे. ही मोहिनीची भाषा. शेवटी एक भिक्षू गेंजुरोला सावध करतो आणि त्याच्या अंगावर बौद्ध मंत्राक्षरं लिहितो, तेव्हा भुताचा हात त्याला लागेनासा होतो. जपानी बौद्ध पंथांनी अशा कामासाठी जपलेली अक्षरं भारतातून चीनमार्गे गेलेल्या सिद्धम् लिपीची, म्हणजे आपल्या देवनागरीच्या नात्यातली. गेंजुरो तलवार फिरवतो, बाहेर पडतो, कोसळतो. सकाळी जाग येते तेव्हा वाड्याच्या जागी जळके वासे आणि गवत.

वाकासाच्या वाड्यात प्रेक्षकही गेंजुरोबरोबर फसतो. मियागीच्या घरात त्याला फसवायचं नाही, हे मिझोगुचीनं ठरवलं. म्हणूनच तिथं विरघळणारं चित्र नाही आणि कटही नाही.

सापडलेली चावी

आता शॉटची यंत्रणा उलगडते, आणि ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा कळल्यावर हसू येतं. कॅमेरा गेंजुरोच्या मागे वळतो, तेव्हा चूल चौकटीच्या बाहेर जाते. नट घराला वळसा घालेपर्यंतच्या त्या मोजक्या सेकंदांत चुलीत जाळ करायचा, दिवे बदलायचे, मोडकं सामान हलवायचं आणि मियागीचं काम करणाऱ्या किनुयो तानाकानं जागेवर येऊन बसायचं. कॅमेरा परत फिरेस्तोवर बाई अशी बसलेली हवी की ती संध्याकाळपासून तिथंच आहे. नटाची चाल, क्रेनचा वेग आणि कामगारांची लगबग यांचा मेळ क्षणाचाही चुकला तर सगळं पुन्हा. आधीच्या भूतपटांनी फिल्मवर केलेलं काम इथं जमिनीवर, माणसांच्या पावलांनी झालं.

पण यंत्रणा कळली म्हणजे शोध लागला असं नाही. चावी कटमध्ये आहे, म्हणजे कट नसण्यात. कट आला की प्रेक्षक मनातल्या मनात मुभा देतो. मधे वेळ गेला असेल, दुसरा दिवस असेल, स्वप्न असेल, काहीही असेल. अखंड शॉट ही मुभा देत नाही. हीच खोली, हीच वेळ, हाच माणूस. रिकामं घर खरं होतं, तर चुलीपाशी बसलेली बाईही तितकीच खरी आहे. जिवंत आणि मेलेले यांच्यामध्ये भिंत असेल तर ती मिझोगुचीच्या कॅमेऱ्याला लागत नाही.

यानंतरचा प्रसंग तानाकाचा आहे. गेंजुरो आपल्या चुकांबद्दल बोलू लागतो, ती त्याला थांबवते. त्याला खाऊ घालते, झोपवते. तो झोपल्यावर त्याची पादत्राणं उचलून जागेवर ठेवते, दिव्याच्या उजेडात त्याचा कपडा शिवायला बसते. हळूहळू बाहेर फटफटतं. त्याच वर्षी तानाकानं 'प्रेमपत्र' हा आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. कॅमेऱ्यासमोर किती कमी करायचं हे तिला दोन्ही बाजूंनी कळत होतं. हुंदका नाही, की सूचक नजर नाही. घरात रोज करायची कामं, एवढंच.

सकाळी गावचा मुखिया येतो, आणि एक जबर पुरावा घेऊन येतो. मियागी मेल्यापासून गेनिची त्याच्याकडे राहत होता. रात्री पोर अचानक नाहीसं झालं म्हणून तो शोधत आला आहे. म्हणजे रात्री गेंजुरोच्या कुशीत झोपलेलं पोर भास नव्हतं. ते खरंखुरं, आपल्या पायांनी अंधारातून चालत आपल्या घरी आलं होतं. त्याला कोणी बोलावलं? चित्रपट उत्तर देत नाही. पण त्या एका तपशिलानं, गेंजुरोला दमून स्वप्न पडलं असेल, ही सोयीची पळवाट बंद होते.

गेंजुरोचं काम करणारा मासायुकी मोरी 'राशोमोन'मध्ये मेलेला सामुराई होता. तिथं तो मांत्रिक बाईच्या तोंडून साक्ष देतो. तिथला मेलेला माणूससुद्धा आपल्या सोयीचं सांगतो. इथल्या मेलेल्या बाईला काही सिद्ध करायचं नाही.

व्हेनिस, पॅरिस आणि पुढं

१९५३ च्या उन्हाळ्याअखेर मिझोगुची, योदा आणि तानाका व्हेनिसला गेले. मिझोगुची निचिरेन पंथाचा झालेला होता. त्यानं निचिरेनचं चित्र असलेली गुंडाळी बरोबर नेली आणि हॉटेलच्या खोलीत तिच्यासमोर प्रार्थना करत बसला. त्या वर्षी परीक्षकांनी सुवर्णसिंह हे सर्वोच्च पारितोषिक कोणालाच दिलं नाही. सहा चित्रपटांना रौप्यसिंह मिळाले, त्यांत 'उगेत्सु' होता. त्याच यादीत फेलिनीचा 'ई व्हितेल्लोनी'ही होता.

पॅरिसमध्ये चित्रपट पडद्यावर यायला १९५९ उजाडलं. तोवर मिझोगुची या जगात नव्हता. २४ ऑगस्ट १९५६ रोजी क्योतोत तो रक्ताच्या कर्करोगानं गेला, वय ५८. 'काइए द्यु सिनेमा' या मासिकानं १९५९ च्या उत्तम चित्रपटांच्या यादीत 'उगेत्सु'ला पहिलं स्थान दिलं. तिथले तरुण समीक्षक त्याच सुमारास स्वतः कॅमेरा हाती घेत होते, आणि कट कुठं करावा यापेक्षा कुठं करू नये, हा त्यांच्याही पुढचा प्रश्न होता. १९६२ मध्ये 'साइट अँड साउंड'नं जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा 'उगेत्सु' पहिल्या पाचांत होता. २०१६ मध्ये फिल्म फाउंडेशन आणि कादोकावा यांनी त्याची नवी प्रत सिद्ध केली आणि ती कान महोत्सवात दाखवली. मियागावाचा अनेक वर्षांचा साहाय्यक मासाहिरो मियाजिमा या कामात सल्लागार होता. राखाडी छटा नेमकी किती राखाडी हवी, हे सांगू शकणारा हा माणूस. मधली छटा चुकली असती तर धुकं नुसता धूर वाटला असता.

कंपनीला न बदलता आलेला शेवट

या शोधाचा शेवटचा धागा दाएईच्या कचेरीत आहे. मिझोगुचीला तोबेईचा शेवट कडवट हवा होता. महत्त्वाकांक्षेची नशा माणसाला अशी सहजासहजी सोडत नाही, असं त्याचं मत. हा माणूस चढतच राहावा, असं त्याला वाटे. कंपनीला गोड शेवट हवा होता, आणि कंपनीचंच चाललं. तोबेईला उपरती होते, तो चिलखत नदीत फेकून देतो आणि नवराबायको पुन्हा शेतात राबू लागतात. मिझोगुचीला ही तडजोड अखेरपर्यंत खुपत राहिली.

आज चित्रपट पाहताना दोन शेवट शेजारी शेजारी दिसतात. तोबेईला बायकोही मिळते आणि माफीही. गेंजुरोला माफी मिळते, पण ती देणारी जिवंत नाही. पहिला शेवट कागदावर होता, म्हणून कागदावर बदलता आला. दुसरा बदलायचा तर त्या अखंड शॉटमध्ये कुठंतरी कात्री लावावी लागली असती, आणि कात्री लावायला तिथं जागाच नव्हती. रिकामं घर एकदा दाखवून झाल्यावर नुसती जळती चूल दाखवून प्रेक्षकाची समजूत काढता येत नाही. कंपनीची मर्जी सांभाळून दिग्दर्शक आपलं खरं मत कुठं ठेवू शकतो, तेही मिझोगुचीला या शॉटमध्येच सापडलं.